काळ्या मातीचा पोत

प्रश्न: उन्हाळ्यात भेगाळलेले वावर जलरंगात सपाटच दिसते, मिश्र माध्यम (रंगासोबत कागद, मेण असे इतर साहित्य) वापरावे का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: जरूर वापरावे, पण कागद 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्यावा, कारण पातळ कागद ओला होताच फुगतो. चुरगळलेला टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवून पूर्ण सुकू द्यावा. मग दिलेला रंग सुरकुत्यांत साचतो आणि ढेकळे उठून दिसतात. भेगा मात्र साध्या कागदावर, रंग ओला असतानाच ब्रशच्या दांड्याने ओरखडून काढाव्यात. ओरखड्यांत रंग मुरून त्या गडद होतात. मातीचा दाणेदार पोत हवा तर ओल्या रंगाची चकाकी ओसरू लागताच त्यावर खडेमीठ टाकावे. आपल्याकडे मे महिन्यात ती वेळ क्षणात निसटते, म्हणून हे काम सकाळीच करावे. कापसाच्या बोंडांसाठी रंग देण्याआधी कागदावर मेणबत्ती घासली तरी पुरे; मेणावर रंग धरत नाही आणि ती जागा पांढरी राहते.