आवाज सलग, चित्र मात्र अडखळतं

प्रश्न : टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक (नेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारं छोटं यंत्र) लावली आहे. दुपारी क्रिकेट लावलं की पंधरा-वीस मिनिटांत चित्र झटके खायला लागतं, आवाज मात्र ठीक असतो. त्याच वाय-फायवर मोबाइल नीट चालतो. नेटचा प्लॅन वाढवू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : प्लॅनला हात लावू नका, एचडीला ५ एमबीपीएस पुरतात. नेट कमी पडलं की चित्र पुसट होतं, नाहीतर गोल फिरत बसतो आणि आवाजही थांबतो. तुमच्याकडे डेटा पोहोचतोय, स्टिकला तो वेळेत उलगडता येत नाही.

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांवर. त्यात स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीलगत कोंडलेली. ती तापली की तिचा प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिरचित्रं, गळतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, खेळाचं प्रक्षेपण बऱ्याचदा ५० फ्रेमचं; म्हणून क्रिकेट आधी अडखळतं.

एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून स्टिक मोकळ्या हवेत आणा. बऱ्याच डब्यांत ती येतेच, आपण ती ड्रॉवरमध्ये टाकून देतो! वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेत असाल तर तेही बंद करा. तिथे अनेकदा ०.५ अँपिअरच मिळतात. स्टिकसोबत आलेला ५ व्होल्टचा अडॅप्टर बोर्डात लावा. मग सेटिंग्जमध्ये क्रिकेटच्या अ‍ॅपचा ‘क्लिअर कॅश’ करा, म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात. ‘क्लिअर डेटा’ दाबलंत तर पुन्हा लॉग-इन आलं.

फरक पडला का, हे यूट्यूबवर तपासता येतं. ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ (व्हिडिओची तांत्रिक माहिती दाखवणारा पर्याय) चालू करून ‘गळलेल्या फ्रेम’ म्हणजे ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा पाहा. तो वाढतच राहिला तर दर्जा १०८० वरून ७२० वर आणा. झटके पहिल्या मिनिटापासून एका लयीत येत असतील तर मात्र दोष उष्णतेचा नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करून बघा, म्हणजे टीव्हीचा वेग व्हिडिओच्या फ्रेमशी जुळतो.

प्रश्न : आमचं माळवदाचं घर. राउटर बैठकीत, टीव्ही आतल्या खोलीत. तिथे गोल फिरतच राहतो.
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : हा मात्र नेटचाच प्रश्न. हात-दीड हात जाडीच्या भिंतीपुढे वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लवकर दमतो, टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. राउटर पत्र्याच्या कोठीमागे किंवा लोखंडी कपाटाआड नको. खात्रीचा उपाय लॅन वायरचा, म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत थेट नेटची वायर. त्यातली कॅट-६ प्रकारची वायर १०० मीटरपर्यंत चालते, फक्त उंदरांच्या तावडीतून वाचवायला केसिंग-पट्टीतून न्या.