मधल्या फळीतला खेळाडू झाला तर?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा असून कनिष्ठ गटात बास्केटबॉल खेळतो. त्याची उंची सहा फूट एक इंचावर थांबली आहे. त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे. मी त्याला दोन वर्षांची मुदत दिली आहे. तेवढ्यात तो अव्वल ठरला नाही, तर खेळ बंद. दर हंगामात संघ बदलत वणवण करणारा खेळाडू होण्यापेक्षा त्याने नोकरी केलेली बरी. मागच्या स्पर्धेत तो वाईट खेळला म्हणून मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. तेव्हापासून तो सामन्यांविषयी घरी काहीच सांगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आठवडाभराच्या अबोल्याचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी, जाता जाता केला आहे, मला मात्र त्यापुढे सरकताच आले नाही. आपल्या दृष्टीने ती शिस्त असेल, पण मुलगा त्यातून एवढेच शिकला की वाईट बातमी घरी सांगायची नसते. कोणत्याही मुलासाठी हे घातकच, पण जो व्यवसाय तो निवडू पाहतो आहे त्यात तर विशेष घातक. परक्या देशातल्या क्लबमध्ये पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणीत गुडघा अपात्र ठरला आणि करार तिथेच संपला, किंवा दोन महिने पगारच झाला नाही, तर या मुलाने सर्वांत आधी फोन कोणाला करावा? आज तो आपल्याला करणार नाही, आणि याला त्याचा खेळ कारणीभूत नाही.

आता आपल्या गैरसमजाकडे वळतो. संघ बदलणे म्हणजे अपयश, असे आपण गृहीत धरले आहे. एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येकाला 15 नियमित व तीन दुहेरी करारांचे, म्हणजे दुय्यम लीगमध्येही खेळणारे, खेळाडू ठेवता येतात. म्हणजे साऱ्या जगासाठी एका वेळी 540 जागा. उरलेले व्यावसायिक खेळाडू इतर लीगमध्ये, बहुधा एकेका हंगामाच्या करारावर खेळतात. कोणाचा घोटा मुरगळतो, कुठे परदेशी खेळाडूची जागा रिकामी होते, कुठे नवा प्रशिक्षक येतो आणि त्याला वेगळ्या धाटणीचा खेळाडू हवा असतो; या फटींमधून कामे निघतात. खुद्द एनबीएतही दहा दिवसांचा करार असतो, आणि एका हंगामात एकाच संघाशी असे दोन करार झाले की संघाला उरलेल्या हंगामासाठी खेळाडूला घ्यावे तरी लागते किंवा सोडावे तरी लागते. इश स्मिथ 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, निवडलाच गेला नव्हता, त्याची उंची आपल्या मुलाहून कमीच; तरी तो एनबीएच्या 13 वेगवेगळ्या संघांकडून खेळला, हा विक्रम आहे, आणि तेराव्या संघाबरोबर, डेन्व्हरबरोबर, 2023 मध्ये त्याला विजेतेपदही मिळाले. ज्याला खरोखरच कोणी विचारत नाही तो संघ बदलत नाही, तो घरी बसतो.

पी. जे. टकर 2006 मध्ये ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात संघाबाहेर पडला. त्यानंतर इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असे देश पालथे घालून तो 2012 मध्ये एनबीएत परतला, तो मुख्यतः बचावाच्या बळावर. 2021 मध्ये मिलवॉकीच्या विजेत्या संघात तो होता. आपल्या मुदतीच्या हिशेबाने त्याचा खेळ 2008 मध्येच बंद झाला असता.

हे चित्र गुलाबी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बहुतेकांच्या वाट्याला टकरसारखे पुनरागमन येत नाही. थकलेल्या पगारांसारख्या वादांसाठी फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाला 2007 मध्ये स्वतंत्र लवाद उभारावा लागला, यावरूनच काय ते समजावे. पस्तिशीच्या आसपास हा व्यवसाय संपतो, आणि दुखापतीला तेवढाही धीर नसतो.

म्हणून शिक्षण चालू राहावे, हे ओघानेच आले. बारावी आणि पदवीचे नेहमीचे मार्ग आपल्याला ठाऊक आहेतच. भौतिकशास्त्राचा पदवीधर आंद्रे इंग्रॅम एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये दहा वर्षे खेळला आणि 32 व्या वर्षी, 10 एप्रिल 2018 रोजी, लेकर्स या एनबीए संघाकडून पहिला सामना खेळताना त्याने 19 गुण मिळवले. मधल्या काळात तो गणिताच्या शिकवण्याही घेत असे. त्याने पदवी आणि चेंडू यांतले एक निवडले नाही, आणि आपणही मुलाला तशी निवड करायला लावू नये.

‘अव्वल’ या शब्दाला माप नसल्यामुळे दोन वर्षांची मुदत आजच मागे घ्यावी. त्याऐवजी, मुलाची तयारी असल्यास, त्याला न शिकवणाऱ्या एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला त्याचे चार-पाच सामने पाहायला सांगावे आणि प्रश्न एकच विचारावा : प्रौढांच्या संघात हा मुलगा नेमके कोणते काम करू शकेल? या उंचीला चेंडू हाताळणे, अचूक पास आणि प्रतिस्पर्ध्याच्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याला, रोखणे यांचीच विचारणा होईल. बाकावरून उठून बारा मिनिटे हे काम चोख करणाऱ्याला करार मिळतात. आपण मात्र आतापर्यंत बहुधा त्याचे गुणच मोजत आला असाल.

त्याआधी, अबोला धरणे ही आपली चूक होती, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि तो लगेच काही बोलला नाही तर चिडू नये. करार कसा वाचावा, एजंट कसा पारखावा, हे मी सविस्तर लिहीन, पण त्याविषयीचे पत्र मुलाकडून यायला हवे.