पर्यटननगरीत परवडणाऱ्या घरांसाठी पैसा कोठून येतो आणि दुकानदारांनी त्याची चिंता का करावी?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील अ‍ॅस्पेन आणि व्हेल या स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेल्या गावांचा अनुभव या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देतो. तेथे बाहेरचे श्रीमंत लोक सुट्टीसाठी घरे घेतात, उरलेली अनेक घरे पर्यटकांना अल्प मुदतीसाठी भाड्याने दिली जातात, आणि त्यामुळे स्वयंपाकी, बसचालक किंवा शिक्षक यांना दूरच्या गावातून ये-जा करावी लागते. बर्फाळ रस्त्यांवरचा हा प्रवास नकोसा झाला की माणसे नोकरी सोडतात, आणि ग्राहक दारात उभे असूनही मनुष्यबळाअभावी उपाहारगृहाला वेळ कमी करावी लागते. म्हणूनच घरांचा प्रश्न हा व्यवसायाचाही प्रश्न आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

निधीसाठी अ‍ॅस्पेनमध्ये मालमत्तेच्या हस्तांतरणावर कर आकारला जातो, तर व्हेलच्या मतदारांनी 2021 मध्ये घरांसाठी अर्धा टक्का वाढीव विक्रीकर मंजूर केला. पहिल्या कराचा दोष असा की घरांची खरेदी-विक्री मंदावताच उत्पन्न घटते. दुसऱ्याचा बराच भार पर्यटक उचलतात, परंतु स्थानिकांनाही तो चुकत नाही.

मला सर्वांत उपयुक्त वाटते ती व्हेलची योजना: नगर प्रशासन घरमालकाला मोबदला देते आणि त्या घरात यापुढे स्थानिक नोकरदारच राहील, अशी कायमची अट मालमत्तेच्या दस्तऐवजात नोंदवते. नव्या बांधकामासाठी जमीन शोधावी लागत नाही, हा तिचा मोठा लाभ आहे.