‘स्टॉप’च्या बोर्डापाशी रस्ता मोकळा असला तरी गाडी पूर्ण थांबवायची का?

तुम्ही विचारलंय की, लर्निंग लायसन्सवर कार शिकताना स्टॉपचा बोर्ड आला आणि कुणीच येत नसलं, तर दुसऱ्या गिअरमध्ये हळूच पुढं काढली तर चालेल का, कारण मागचे हॉर्न मारतात. नाही चालणार. चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत.

पुढच्या काचेच्या दोन्ही अंगांना जे खांब असतात, त्यांच्याआड अख्खी मोटारसायकल लपते. तुमची गाडी आणि ती, दोन्ही चौकाकडं सरकत असतील तर ती शेवटपर्यंत खांबाआडच राहू शकते. तुम्ही मान वळवून बघितलेलं असतं, रस्ता मोकळाच दिसलेला असतो, तरीही धडक होते. तुम्ही थांबलात की ती खांबाआडनं बाहेर येते. थांबल्यावरसुद्धा जरा पुढं वाकून बघा. आधी उजवीकडं, कारण जवळच्या बाजूची वाहनं तिकडनं येतात, मग डावीकडं, परत उजवीकडं.

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात गावातनं मोठ्या रस्त्याला लागताना दोन्हीकडं डोक्यावर गेलेला ऊस असतो. पांढऱ्या रेषेवर थांबून काहीच दिसत नाही. तिथं दोनदा थांबायचं: एकदा रेषेवर, मग हाफ क्लचवर थोडं सरकून, दिसायला लागेल तिथं पुन्हा. हंगामात रात्री ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात आणि मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवाच नसतो. पहिली गेली म्हणून गाडी काढू नका. याची मला फार काळजी वाटते.

बोर्डावरचं कन्नड वाचता येत नसेल तर आकार बघा. आठ कोनांचा लाल बोर्ड फक्त स्टॉपचाच असतो. उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला वाट द्या. तुम्ही म्हणता तसं वेग कमी करून, बघून, मोकळं असेल तर न थांबता जाणं तिथं चालतं, इथं नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये स्टॉपचा बोर्ड न पाळणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकाला तर कलम 131 प्रमाणे गाडी थांबवून क्लीनरनं किंवा गाडीतल्या दुसऱ्या कुणीतरी, कुणीच नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरून रूळ बघायचे असतात.

राहिला हॉर्न. बोर्ड लांबनं दिसला की तिथनंच ब्रेक हलका दाबायला लागा, मागच्याला लाल दिवा दिसतो आणि तोही वेग कमी करतो. पांढऱ्यावर लाल ‘एल’ मागंही ठळक लावा. तरी कुणी वाजवलाच तर वाजवू दे. शेजारी लायसन्सवाला शिकवणारा बसलेला असतोच, त्याला आधीच सांगून ठेवा की अशा वेळी ‘चल चल’ म्हणू नको.