कोल्हापुरात मँडोलिन कारागिराकडून करून घ्यावे की तयार विकत घ्यावे?

नुकतेच शिकू लागलेल्याने कितीतरी अधिक पैसे मोजून हाताने घडवलेले मँडोलिन घ्यावे का, आणि ते इथल्या पावसात टिकेल का, असे आपण विचारले आहे. सहा वर्षांपूर्वी मी मिरजेत सतारीच्या कामावर हात बसलेल्या, पण आता कोल्हापुरात काम करणाऱ्या एका कारागिराकडून मँडोलिन करून घेतले, त्यावरून सांगतो.

पहिले वर्षभर तयार वाद्य पुरते. पुढे मात्र फरक ऐकू येऊ लागतो आणि तो मुख्यतः तबलीचा, म्हणजे वाद्याच्या तारांखालच्या वरच्या फळीचा असतो. अमेरिकेतील ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९८ साली पेटंट घेऊन व्हायोलिनसारखी कोरीव, कमानदार तबली मँडोलिनला आणली. स्वस्त वाद्यांत ती बहुधा प्लायवूडची असते. माझ्या वाद्याची स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची तबली कारागीर दोन बोटांत कडेने धरून कानाशी नेत, बोटाच्या पेराने ठोकत, लहानसा रंधा एकदोनदा फिरवत आणि पुन्हा ठोकत. दुपारभर मला त्यात काहीही कळले नाही. मग एकदा ती फळी ‘ठक’ऐवजी ‘ठम्’ म्हणाली आणि त्यांनी रंधा खाली ठेवला. पैसे त्या दुपारचे आहेत, लाकडाचे नव्हेत.

पावसाचे म्हणाल, तर पहिल्याच जुलैत माझ्या वाद्याच्या तारा पडद्यांपासून (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून) इतक्या उचलल्या गेल्या की बोटे सोलवटली. ओल शोषून लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, तबलीची कमान वर येते आणि घोडी, म्हणजे तबलीवर उभी राहून तारांना आधार देणारी पट्टी, तारांना उचलते. यात कारागिराची चूक नव्हती; घोडीच्या दोन्ही बाजूंच्या चक्र्या फिरवून त्यांनी दहा मिनिटांत उंची उतरवली. ही घोडी सरसाने चिकटवलेली नसते, आठ तारांच्या ताणावरच उभी असते. त्यामुळे सगळ्या तारा एकदम कधीही काढू नयेत, नाहीतर तिची जागा हरवते. (मी एकदा काढल्या होत्या.) पुन्हा जागेवर बसवताना बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर जुळवावा, दाबलेला चढा लागल्यास घोडी किंचित मागे, म्हणजे दांडीपासून दूर सरकवावी.

करून घ्यायचेच ठरवलेत, तर पहिला पावसाळा सरल्यावरची घोडी-पडद्यांची दुरुस्ती ठरलेल्या किमतीतच धरली आहे का, हे बयाणा देण्यापूर्वी विचारून घ्यावे.