आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत 'हर-टू ३+' आलंय. म्हणजे कॅन्सर पसरला आहे का?

नाही, या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंय की ईआर आणि पीआर (म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर) निगेटिव्ह आहेत, हर-टू ३+ आहे आणि घरात कुणीतरी त्याचा अर्थ 'तिसरी स्टेज' असा लावला. घरच्यांना आजच सांगा, हा स्टेजचा आकडा नाही. मी पॅथॉलॉजीत काम करतो, अशा स्लाइड रोज बघतो, म्हणून आधी तो आकडा कुठून येतो ते सांगतो.

गाठीच्या तुकड्याचा अगदी पातळ काप घेऊन त्यावर हर-टू या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी घालतात. ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो, पेशींची केंद्रकं निळी दिसतात. १० टक्क्यांहून जास्त कॅन्सरपेशींभोवती गडद तपकिरी, कुठेही न तुटलेली कड दिसली की आम्ही ३+ लिहितो. कड पूर्ण पण फिकट असेल तर २+, आणि मग फिश ही जनुकाची तपासणी करावी लागते. तुमच्या आईला तिची गरज नाही.

ही कड म्हणजेच पेशीच्या पृष्ठभागावरचे हर-टू रिसेप्टर, बाहेरचे संदेश आत पोचवणारी प्रथिनं. निरोगी पेशीवरही ते असतात, साधारण २० हजार. हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की हाच आकडा २० लाखांपर्यंत जातो. या कुटुंबातल्या इतर रिसेप्टरना जागं व्हायला बाहेरून वाढीचा रेणू येऊन चिकटावा लागतो. हर-टूला तसं काही लागत नाही. तो कायम जोडी जमवायला तयार असतो, विशेषतः याच कुटुंबातल्या हर-थ्रीबरोबर. जोडी जमली की पेशीच्या आत वाढण्याचे, मरण टाळण्याचे आणि हालचालीचे आदेश सुटतात. पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते, त्या आजूबाजूच्या ऊतींत घुसू लागतात. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की या जनुकाच्या प्रती वाढलेल्या रुग्णांमध्ये आजार लवकर उलटतो. म्हणजे ३+ वरून गाठीचा स्वभाव कळतो. ती आज कुठवर पोचली आहे, हे काखेतल्या गाठींची तपासणी आणि स्कॅनच सांगतील.

पसरतो तेव्हाही कॅन्सर वाटेल तिकडे जात नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्येच, बी योग्य मातीतच रुजतं असा दाखला देऊन हे मांडलं होतं. पण कारण कळायला २००१ उजाडलं. स्तनाच्या कॅन्सरपेशींवर सीएक्ससीआर-फोर नावाचा आणखी एक रिसेप्टर आढळला आणि त्याला खेचणारा रेणू लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि अस्थिमज्जेत भरपूर असतो असं दिसलं. नेमक्या याच जागी हा आजार जातो! मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर शोध वाटतो. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की हर-टूमुळे सीएक्ससीआर-फोर वाढतो. हर-टू पॉझिटिव्ह आजार पुढच्या टप्प्यात मेंदूकडे जाण्याचं प्रमाणही जास्त असतं, म्हणून सतत डोकेदुखी किंवा तोल जाणं असं काही झालं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

पण रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणूनच औषधाला तो सापडतो. हर-टूला चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि एकेकाळी सगळ्यात वाईट समजला जाणारा हा प्रकार पार बदलला. २०१४ पासून भारतात बनलेली त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती, औषधंही मिळतात. खर्चाबद्दल विचारताना ती आवर्जून विचारा.

येत्या भेटीत डॉक्टरांना विचारा की ऑपरेशनच्या आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब द्यायचं का. गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेत पोचली असेल तर बहुधा तसंच करतात. औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून सुरू करण्याआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा आणि मग ठरावीक अंतराने पुन्हा. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड हॉस्पिटलकडे नीट जपून आहेत ना, तेही विचारून ठेवा. दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याच लागतील.