काका, गोठ्यातली स्प्लेंडर बॅटरीवर पळेल का?

गेल्या अंकात कार्बोरेटरच्या एका प्रश्नाला उत्तर देता देता मी सहज लिहून गेलो की इंजिन फारच गेलेलं असेल तर त्यावर पैसे घालण्यापेक्षा कॉलेजच्या पोरांना गाडी द्या, ते मोटर बसवून बघतील. झालं, तेव्हापासून इनबॉक्स नुसता वाहतोय. फायनल इयरचे टॉपिक सबमिट करायचे दिवस आहेत हे मी विसरलोच होतो. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयावर, क्लचप्लेटवाल्यांनी महिनाभर थांबावं.

आम्ही चौघं डिप्लोमा मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहोत. माझ्या आजोबांची 2005 ची स्प्लेंडर गोठ्यात पडून आहे, इंजिन जाम. कॅपस्टोन प्रोजेक्ट म्हणून ती इलेक्ट्रिक करायची आहे. बजेट चौघांत मिळून 40 हजार. एका चार्जमध्ये 100 किमी पाहिजे. 1000 वॅटची हब मोटर (चाकातच बसणारी) चालेल का? – चार मित्र, सांगली

पोरांनो, सगळे इथूनच सुरुवात करतात, मोटर कुठली घेऊ. मोटर सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी कागद घ्या आणि गाडीला पळायला किती जोर लागतो ते काढा, दहा मिनिटांचं काम आहे आणि ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, पहिल्यांदा हेच विचारणार.

गाडी आणि एक माणूस मिळून 175 किलो धरा. ताशी 50 ला वारा साधारण 70 न्यूटनने मागे ढकलतो आणि टायर अजून 25 खातात, म्हणजे 95 न्यूटन. तेवढा जोर लावून एक किलोमीटर जायला चाकापाशी 26 वॅट-अवर लागतात आणि मोटर, कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), चेन यांच्यात जे वाया जातं ते धरलं की बॅटरीतून 33 निघतात. आता तुमचे 100 किमी. 3.3 किलोवॅट-अवर झाले, त्यात बॅटरी पार तळाला न्यायची नाही म्हणून 15 टक्के शिल्लक ठेवा, म्हणजे जवळजवळ 4 किलोवॅट-अवरचा पॅक. एवढ्या पॅकमध्येच तुमचं बजेट संपतं आणि वर उधारी होते. शिवाय तो मावणार कुठे?

40 किमी धरा. मग 51 व्होल्ट 30 अँपिअर-अवरचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक पुरतो आणि बजेट ओढूनताणून का होईना जमतं. आणि गंमत बघा, हीच गाडी 50 ऐवजी 40 ने चालवली तर वाऱ्याचा जोर इतका उतरतो की त्याच पॅकवर पन्नासच्या पुढे जाल. यूट्यूबवरचे 100 किमी वाले बहुतेक 25-30 च्या स्पीडने, सपाटीला, एकटा सडपातळ पोरगा बसवून काढलेले असतात. खोटं बोलतात असं नाही, सांगत नाहीत एवढंच.

याच गणितातून तुमच्या 1000 वॅटचंही उत्तर निघतं. 95 न्यूटनने ताशी 50 धरून पळायला चाकापाशी 1300 वॅट लागतात, तेही सपाटीला. मग 1000 वॅटची मोटर सतत ओव्हरलोडच ना. 2 किलोवॅटची घ्या.

हब की मिड? हब सोपी, चाकच बदलायचं, आठवड्यात गाडी पळते. पण तुम्ही मेकॅनिकलवाले. एक्स्टर्नल विचारणार की मोटर विकत, कंट्रोलर विकत, बॅटरी विकत, यात तुमचं काय? मोटर मध्ये इंजिनाच्या जागी बसवलीत तर ब्रॅकेट तुमचा, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) तुमचं, अलाइनमेंट तुमची, ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टात, लिहायला खरंखुरं काही तरी असेल. स्प्लेंडरला डबल क्रेडल फ्रेम आहे, इंजिनाखालून नळ्या जातात, त्यामुळे इंजिन काढलं तरी फ्रेम लगेच लुळी पडत नाही. ज्या गाड्यांत इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो तिथे मात्र नुसतं इंजिन काढून मोकळं होऊ नका.

तरीही हबच घेणार असाल तर टॉर्क आर्म विसरू नका. मोटर सुटताना अॅक्सलला उलटा पीळ बसतो, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या खाचेत तो फिरला की वायरी तुटून बाहेर येतात आणि चाक सैल होतं. पाचशे रुपयांच्या लोखंडी पट्टीसाठी हे नको.

अजून एक, इंजिन उतरवायच्या आधी गाडी धान्याच्या काट्यावर नेऊन पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं वजन करून लिहून ठेवा. पॅक बसवल्यावर परत करा. पॅक खाली, इंजिनाच्या जागेतच. टाकीत बॅटरी भरायची हौस सगळ्यांना येते, दिसायला भारी दिसते पण वळणावर कळतं.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी तो आणि मित्र घरी बेडरूममध्येच सेल जोडून बॅटरी बनवताहेत, जुन्या लॅपटॉपचे सेलही आणलेत. मला भीती वाटते, पण विचारलं की "आई तुला कळत नाही" म्हणतो. – एक आई, नाशिक

ताई, तुम्हाला बरोबर कळतंय. हा भाग त्याला वाचायला द्या.

अरे बाबा, 72 व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज झाला की 84 व्होल्टला जातो आणि त्याला बंद करायचं बटण नसतं. घरातला एसी करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसी मध्ये ती पेटलेलीच राहते. पाना निसटून दोन टोकांवर पडला तर तिथे वेल्डिंग होतं. लॅपटॉपचे जुने सेल तर नकोच नको, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं झिजलेलं, एक दमला की बाकीचे त्याला ओढतात आणि तोच तापतो. आणि एक सेल पेटला की शेजारचा पेटतो. 2022 च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यानंतरच बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 या मानकाचे नियम कडक झाले. कंपन्यांची ही गत, तर बेडरूमचं काय.

माझं मत सरळ आहे, पैसे कुठेही वाचवा, बॅटरीत वाचवू नका. बीएमएससकट (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) तयार, बिलासह, शक्यतो एलएफपी केमिस्ट्रीचा पॅक घ्या. तो जरा जड असतो पण तापल्यावर एनएमसी या दुसऱ्या लिथियम केमिस्ट्रीइतका लवकर भडकत नाही. फ्यूज पॅकच्या अगदी तोंडाशी लावायचा, मीटरभर वायरीनंतर नाही. एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) डीसी रेटिंगचाच, घरातला काढून लावलेला एसीचा चालत नाही, हे मी निदान पाच प्रोजेक्टमध्ये पाहिलंय. काम करताना अंगठी, कडं, चेन काढून ठेवा. चार्जिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, दिवसा, कोणीतरी जागं असताना. जिन्यात किंवा दाराशी तर कधीच नाही, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

ताई, सेल आजच घराबाहेर. भांडण झालं तर माझं नाव सांगा.

आम्ही स्प्लेंडरला 3000 आरपीएमची 2 किलोवॅट मोटर इंजिनाच्या जागी बसवली. चेन आणि स्प्रॉकेट ओरिजिनलच, पुढे 14 मागे 43 दात. सपाटीला मस्त पळते पण जोतिबाच्या चढाला डबलसीट नेली की दम टाकते, मोटरला हात लावता येत नाही इतकी तापते. कंट्रोलर मोठा लावू का? – कोल्हापूर

नका लावू, कंट्रोलर मोठा केलात तर मोटर जळेल. तुमचा घोटाळा दातांत आहे.

43 भागिले 14 म्हणजे 3.07, मोटरचे इतके फेरे झाले की चाकाचा एक. स्प्लेंडरच्या चाकाचा परीघ साधारण 1.87 मीटर. 3000 आरपीएमला चाक मिनिटाला 977 फेरे मारणार, म्हणजे तुमची गाडी कागदावर ताशी 110 ला गियर केलेली आहे! पेट्रोलवर असताना या चेनच्या आधी गियरबॉक्स होता, टॉप गियरलासुद्धा इंजिनाचे दहापेक्षा जास्त फेरे झाले की चाकाचा एक व्हायचा. तो गियरबॉक्स तुम्ही इंजिनाबरोबर भंगारात दिलात आणि नुसती चेन ठेवलीत.

आता चढ. डबलसीट 235 किलो, 10 टक्के चढ धरला तर चाकापाशी 79 न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या 3.07 ने भागा, मोटरकडून 26 मागताय. 2 किलोवॅटची मोटर 3000 ला सतत देऊ शकते फक्त 6.4. चौपट! मग तापणार नाही तर काय करणार बिचारी. मध्ये जॅकशाफ्ट (मोटर आणि चाकाच्या मधला जादा शाफ्ट) टाका, मोटरवर 14, शाफ्टवर 31, मग पुढे तुमची जुनी 14-43 ची जोडी. एकूण रिडक्शन 6.8 होईल, टॉप स्पीड पन्नासवर येईल पण चढाला मोटरकडून 12 च मागाल, रेटिंगच्या दुप्पट, आणि तेवढं ती दोन-चार मिनिटं सहन करते. शाफ्ट आणि बेअरिंगचं काम उद्यमनगरात करून घ्या, तुमच्या गावात त्याला काय तोटा.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः पहिली गाडी केली तेव्हा हेच केलं होतं, वर पाच लेड-अॅसिड बॅटऱ्या, नुसतं त्यांचंच वजन 45 किलो. चौदा किलोमीटरवर बसली, ढकलत आणली, वाटेत दोन ओळखीचे भेटले आणि दोघांनीही "पेट्रोल संपलं का" विचारलं.

गाडी तयार झाल्यावर रोज कॉलेजला नेली तर चालेल ना? ई-बाइकला लायसन्स लागत नाही म्हणतात. – लातूर

नाही चालणार. ते लायसन्सवालं प्रकरण 250 वॅटच्या आतल्या आणि 25 च्या स्पीडच्या हलक्या गाड्यांचं, तुमची 2 किलोवॅटची गाडी मोटर व्हेइकलच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर मान्यताप्राप्त किट लागतं, ते एआयएस-123 या किटच्या मानकाप्रमाणे टेस्ट झालेलं, आपल्याकडे पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था अशी टेस्ट करते, आणि मान्यता त्या ठरावीक मॉडेलच्या गाडीपुरती. मग आरटीओत आरसीवर फ्युएल बदलून घ्यायचं. हाताने जोडलेल्या प्रोजेक्टला हे मिळत नाही. कलम 182ए खाली प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि कुणाला धडकलात तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे.

म्हणून कॉलेजच्या ग्राउंडवर चालवा, दुसरीकडे न्यायची असेल तर छोटा हत्ती करा. आणि भंगारातून गाडी घेताना आरसी आणि चासिस नंबर जुळतो का बघा, चोरीची निघाली तर प्रोजेक्ट पोलीस स्टेशनात सबमिट होईल.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा नवी ई-स्कूटर घ्यावी की. – पुणे

वापरायला हवी असेल तर खुशाल घ्या. इथे पोरांना शिकायचंय.

सगळं झालं, गाडी पळते, हॉर्न आणि इंडिकेटर चालतात, फक्त हेडलाइट लागत नाही. बल्ब दोनदा बदलला. परवा सबमिशन आहे!! – बीड

बल्ब ठीक आहे. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, इंजिनातल्या मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) एसी करंटवर थेट चालतो, म्हणून तर आयडलिंगला मंद व्हायचा. इंजिन गेलं, मॅग्नेटो गेला, लाइट कुठून लागणार? डीसी-डीसी कन्व्हर्टरचे (पॅकचे व्होल्ट 12 वर आणणारा डबा) 12 व्होल्ट हेडलाइटच्या स्विचपर्यंत वेगळी वायर ओढून, वेगळा फ्यूज टाकून द्या. मॅग्नेटोची जुनी वायर आधी काढून टेप मारा. 35 वॅटच्या बल्बऐवजी एलईडी लावलात तर कन्व्हर्टरही सुखात राहील. अर्ध्या तासाचं काम आहे, आज रात्रीच करा.